इंग्लंडला स्वतःची संसद का नाही, आणि द्यायची ठरवली तर घोडं कुठे अडतं?

डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली की इंग्लंडमधला रुग्ण औषधाच्या दुकानात प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स मोजतो (हा २०२५ चा दर, मुलं, साठी ओलांडलेले आणि काही गटांना माफी आहे). वेल्समध्ये २००७ पासून, उत्तर आयर्लंडमध्ये २०१० पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून तेच औषध सगळ्यांना फुकट मिळतं. शिक्षणाचंही तसंच. वर्षानुवर्षं लंडनला राहणाऱ्या मराठी कुटुंबातली मुलगी तिथल्या विद्यापीठात गेली, तर २०२५ च्या दराने वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत फी लागते. एडिनबर्गला स्थायिक असलेल्या कुटुंबातली मुलगी स्कॉटलंडमध्येच पदवी घेत असेल, तर तिची फी तिथलं सरकार भरतं. देश एक, पासपोर्ट एक, पंतप्रधान एक, तरी हा फरक का?

कारण हे निर्णय घेणाऱ्या जागा वेगळ्या आहेत. स्कॉटलंडचे निर्णय एडिनबर्गच्या होलीरूडमधली स्कॉटिश संसद घेते, वेल्सचे कार्डिफमधली सेनेड आणि उत्तर आयर्लंडचे बेलफास्टजवळच्या स्टॉरमाँटमधली विधानसभा. इंग्लंडचे निर्णय मात्र वेस्टमिन्स्टरमधली संपूर्ण ब्रिटनची संसदच घेते. तिच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ६५० खासदार आहेत. त्यांपैकी ५४३ इंग्लंडचे (योगायोगाने आपल्या लोकसभेच्या जागाही ५४३), ५७ स्कॉटलंडचे, ३२ वेल्सचे आणि १८ उत्तर आयर्लंडचे. इंग्लंडमधल्या शाळा-दवाखान्यांच्या कायद्यावर हे ६५० च्या ६५० जण मत देऊ शकतात. स्कॉटलंडमधल्या शाळा-दवाखान्यांचा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे सहसा येतच नाही.

ही रचना किती विचित्र आहे, हे साध्या लोकांना कळलं ते कोविडमध्ये. १० मे २०२० ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि ‘घरीच राहा’ ऐवजी ‘सावध राहा’ असा नवा संदेश दिला. एडिनबर्ग, कार्डिफ आणि बेलफास्टच्या सरकारांनी तो उचलला नाही. त्यांनी ‘घरीच राहा’ कायम ठेवलं. म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान आरोग्याच्या बाबतीत प्रत्यक्षात इंग्लंडपुरताच बोलत होता. इंग्लंडचा मुख्यमंत्री असं पद नाही, म्हणून ते काम पंतप्रधानाकडे. इंग्लंडची संसद मागणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात हेच आहे: पद नाही, सभागृह नाही, सरकार नाही, पण काम मात्र रोज चालू आहे.

हे असं झालं कसं

वेल्स सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याखाली आला. स्कॉटलंडची आणि इंग्लंडची संसद १७०७ मध्ये एकत्र झाली, आयर्लंड १८०१ मध्ये जोडलं गेलं. १७०७ नंतर इंग्लंडची जुनी संसद नावापुरती संपली, पण इमारत तीच, कामकाजाच्या रीती त्याच आणि बहुसंख्य सभासदही इंग्लंडचेच. त्यामुळे आपली संसद गेली असं इंग्लिश माणसाला कधी वाटलंच नाही. आजच्या सगळ्या गोंधळाचं मूळ मला तरी इथे दिसतं.

पुढे डिव्होल्यूशन आलं, म्हणजे लंडनच्या संसदेने आपले काही अधिकार प्रदेशांकडे सोपवणं. सप्टेंबर १९९७ मधल्या कौलात स्कॉटलंडने ७४.३ टक्क्यांनी होकार दिला. आठवडाभराने वेल्सने जेमतेम ५०.३ टक्क्यांनी दिला. फरक अवघ्या ६,७२१ मतांचा होता. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या शांतता करारातून विधानसभा आली. इंग्लंडला कोणी विचारलंच नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही आपल्यासारखी संघराज्याची घटना नाही. तिथे एकसंध लिखित घटना नाही, केंद्रसूची-राज्यसूचीला घटनेचं संरक्षण नाही. स्कॉटिश संसद साध्या कायद्याने निर्माण झाली आहे. तिच्याकडे सोपवलेल्या विषयांवर तिच्या संमतीविना वेस्टमिन्स्टर ‘सर्वसाधारणपणे’ कायदा करणार नाही असा संकेत आहे, पण २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय त्याची अंमलबजावणी करून देणार नाही.

दोन ब्लॅकबर्नची गोष्ट

टॅम डॅलियेल हे स्कॉटलंडमधल्या वेस्ट लोदियनचे लेबर खासदार. १९७७ मध्ये, म्हणजे होलीरूड प्रत्यक्षात येण्याच्या बावीस वर्षं आधी, त्यांनी सभागृहात स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला एक प्रश्न विचारला. त्यांच्या मतदारसंघात ब्लॅकबर्न नावाचं गाव होतं आणि इंग्लंडच्या लँकशायरमध्येही ब्लॅकबर्न नावाचं शहर आहे. स्कॉटलंडला वेगळी विधानसभा मिळाली, तर लँकशायरच्या ब्लॅकबर्नमधल्या शाळांवर मी मत देऊ शकेन, पण मला निवडून देणाऱ्या ब्लॅकबर्नमधल्या शाळांवर देऊ शकणार नाही, हे कसं? खासदार इनॉक पॉवेल यांनी या प्रश्नाला ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ असं नाव दिलं आणि ते चिकटलं.

प्रश्न खरं तर त्याहून जुना आहे. १८८६ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्य देणारं विधेयक आणलं तेव्हा आयरिश खासदारांना वेस्टमिन्स्टरमधून पूर्ण वगळायचं ठरवलं होतं. लगेच आक्षेप आला: कर भरायचे, पण प्रतिनिधी नाही? १८९३ च्या दुसऱ्या विधेयकात आयरिश खासदारांनी आयर्लंडच्या आणि साऱ्या साम्राज्याच्या विषयांपुरतं आत यायचं आणि बाकी वेळी बाहेर थांबायचं अशी युक्ती सुचवली गेली. ती चर्चेतच सोडून द्यावी लागली, कारण मग सरकार सोमवारी बहुमतात आणि मंगळवारी अल्पमतात, अशी पाळी आली असती. दोन्ही विधेयकं पडली. १९२१ ते १९७२ उत्तर आयर्लंडला स्वतःची संसद होती, तेव्हा तोड काढली ती अशी की त्यांचे खासदार लोकसंख्येच्या मानाने कमी ठेवले, पण मतदानाचा हक्क पूर्ण दिला. २००५ मध्ये स्कॉटलंडच्या जागा ७२ वरून ५९ केल्या, त्यामागचा विचारही याच जातीचा. पण एकही परका खासदार मत देत असेल तर तत्त्वाचा प्रश्न तसाच राहतो. फक्त आकडा लहान होतो.

भारतीय वाचकाला हे अगदीच अनोळखी वाटू नये. २०१९ पर्यंत आपल्या कितीतरी कायद्यांच्या पहिल्याच कलमात ‘जम्मू-काश्मीर वगळून संपूर्ण भारतास लागू’ असं लिहिलेलं असे, आणि जम्मू-काश्मीरचे सहा खासदार लोकसभेत त्या विधेयकांवर मत देत असत. फारसा गाजावाजा झाला नाही, कारण ५४३ मध्ये सहाने सहसा काही बिघडत नाही.

ब्रिटनमध्ये बिघडलं. नोव्हेंबर २००३ मध्ये इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना जास्त स्वायत्तता देणारं विधेयक ३०२ विरुद्ध २८५, म्हणजे १७ मतांनी तरलं. स्कॉटलंडच्या लेबर खासदारांची मतं वजा केली तर ते पडलं असतं. ही पद्धत स्कॉटलंडने स्वतःच्या रुग्णालयांसाठी घेतलीच नाही. कडी म्हणजे इंग्लंडचे आरोग्यमंत्री म्हणून हे विधेयक रेटणारे जॉन रीड स्वतः स्कॉटलंडमधून निवडून आलेले होते! त्यांच्या खात्याच्या बहुतेक निर्णयांचा त्यांच्या मतदारांशी काडीचा संबंध नव्हता. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडमधली विद्यापीठाची फी वाढवणारं विधेयक दुसऱ्या वाचनात (विधेयकाच्या तत्त्वावर मतदान होतं त्या टप्प्यात) ३१६ विरुद्ध ३११ असं पाच मतांनी निसटलं, तेही स्कॉटिश खासदारांच्या जोरावर.

सभापतींचा शिक्का: २०१५ चा प्रयोग

१८ सप्टेंबर २०१४ ला स्कॉटलंडने स्वातंत्र्य ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी नाकारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन आपल्या निवासस्थानाबाहेर आले आणि म्हणाले, आता इंग्लंडचाही आवाज ऐकला पाहिजे. निकाल लागून काही तास झाले असताना हा विषय काढणं एडिनबर्गमध्ये अनेकांना झोंबलं. पण त्यातून ‘इंग्लिश कायद्यांना इंग्लिश मतं’ ही पद्धत निघाली. २२ ऑक्टोबर २०१५ ला सभागृहाने ती ३१२ विरुद्ध २७० मतांनी मंजूर केली. नवा कायदा केला नाही, सभागृहाच्या कामकाजाचे नियम तेवढे बदलले.

ती चालायची अशी. विधेयक आलं की सभापती दोन गोष्टी तपासायचे: हे फक्त इंग्लंडला (किंवा इंग्लंड-वेल्सला) लागू आहे का, आणि हाच विषय स्कॉटलंड वगैरेंकडे सोपवलेला आहे का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर शिक्का. शिक्का विधेयकावर, एखाद्या कलमावर किंवा परिशिष्टावरही पडू शकत असे. दुसरं वाचन नेहमीप्रमाणे सगळ्या खासदारांपुढे. पूर्णपणे इंग्लंडचं विधेयक असेल तर त्याची छाननी करणारी समिती इंग्लंडच्याच खासदारांची. मग पुन्हा सगळे. त्यानंतर मध्येच एक नवा टप्पा घातलेला: इंग्लंडच्या खासदारांची महासमिती. सभागृह तेच, बाकंही तीच, पण या टप्प्यावर मताचा हक्क फक्त इंग्लंडच्या खासदारांना. त्यांनी संमती नाकारली तर विधेयक फेरविचाराला. तरीही नाकारली तर ते कलम गळणार, आणि विधेयकच शिक्क्याचं असेल तर अख्खं विधेयक. शेवटच्या वाचनाला पुन्हा सगळे.

म्हणजे इंग्लंडच्या खासदारांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार मिळाला, पण ‘होय’ म्हणवून घेण्याचा मिळाला नाही. यातली मेख मार्च २०१६ मध्ये दिसली. इंग्लंड-वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी सलग सहाच तास उघडी ठेवता येतात. ही वेळ वाढवायची मुभा स्थानिक परिषदांना द्यावी, असा सरकारचा प्रस्ताव होता. स्कॉटलंडमध्ये असं बंधनच नाही. तरी स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या पन्नासहून अधिक खासदारांनी सरकारच्या बंडखोरांबरोबर विरोधात मत दिलं आणि प्रस्ताव ३१७ विरुद्ध २८६, म्हणजे ३१ मतांनी पडला. नव्या पद्धतीला यात काहीच करता आलं नाही, कारण विधेयक मंजूर व्हायला पूर्ण सभागृहाचं बहुमतही लागायचंच.

उलट बाजूने, सगळ्या सभागृहाला हवं असलेलं विधेयक इंग्लंडच्या खासदारांनी अडवलं, असं या पद्धतीच्या आयुष्यात एकदाही घडलं नाही. महासमितीच्या बैठका कित्येकदा काही मिनिटांत आटपत. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे ही पद्धत स्थगित केली आणि १३ जुलै २०२१ ला कायमची काढून टाकली. ज्याने आणली त्याच हुजूर पक्षाच्या सरकारने. त्या वेळी त्यांच्याकडे इंग्लंडमधल्या तेव्हाच्या ५३३ पैकी ३४५ जागा होत्या, गरजच उरली नव्हती. तक्रार खरी असेल तर ती आपलं बहुमत असतानाही खरी असायला हवी, पण पक्षांचं तसं नसतं.

खरी गाठ पैशाची

इथे जरा सावकाश जाऊ, कारण वेगळ्या संसदेच्या बहुतेक चर्चा मतांवर होतात आणि पैशावर येऊन थांबतात.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला लंडनहून मिळणारं अनुदान ‘बार्नेट सूत्रा’ने बदलतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अर्थखात्यात मंत्री असलेल्या जोएल बार्नेट यांच्या नावाने ते ओळखलं जातं. सूत्र एका ओळीचं आहे: इंग्लंडमधल्या खर्चात झालेला बदल, गुणिले तो विषय किती प्रमाणात त्या प्रदेशाकडे सोपवलेला आहे ते प्रमाण, गुणिले इंग्लंडच्या तुलनेत त्या प्रदेशाची लोकसंख्या.

हिशोब करून बघू. लंडनने इंग्लंडच्या आरोग्यावर १०० कोटी पौंड वाढवले. आरोग्य हा विषय स्कॉटलंडकडे जवळजवळ पूर्ण सोपवलेला, म्हणून ते प्रमाण १०० टक्के धरू. स्कॉटलंडची लोकसंख्या इंग्लंडच्या सुमारे ९.५ टक्के. म्हणजे स्कॉटलंडच्या अनुदानात सुमारे ९ कोटी ५० लाख पौंडांची भर. ती आरोग्यावरच खर्च केली पाहिजे असं नाही. रस्त्यांवर केली तरी चालते. आणि उलटंही खरं: इंग्लंडने १०० कोटींची कात्री लावली की स्कॉटलंडचे साडेनऊ कोटी कमी होतात. (वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या आकड्यात गरजेपोटी थोडी वाढीव भर असते.) शिवाय सूत्र फक्त बदलाला लागू होतं, मूळ रकमेला हात लावत नाही. त्यामुळे स्कॉटलंडमधला दरडोई सरकारी खर्च पूर्वीपासून इंग्लंडपेक्षा जास्त आहे तो जास्तच राहतो, आणि इंग्लंडमधला माणूस त्यावरून कुरकुरतो.

आता मघाच्या फीकडे परत या. डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडमधली कमाल फी ९,००० पौंड करायचा ठराव २१ मतांनी मंजूर झाला. वरवर हा निव्वळ इंग्लंडचा प्रश्न. पण फी वाढवली की विद्यापीठांना द्यायचं सरकारी अनुदान कमी होतं. ते इंग्लंडमध्ये कमी झालं की बार्नेट सूत्राने स्कॉटलंडचा वाटाही कमी होतो, आणि स्कॉटलंड तर आपल्या मुलांकडून फी घेतच नाही! मग ग्लासगोच्या खासदाराने या विषयावर मत द्यावं की नाही? त्याच्या मतदारांच्या खिशाचा संबंध आहे, नाही कसं म्हणणार?

२०१५ च्या पद्धतीत सभापतींना ‘किरकोळ किंवा आनुषंगिक’ परिणाम बाजूला ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे पैशाचा हा धागा सोयीस्करपणे दृष्टिआड केला. रस्ते, रेल्वे, शाळा, दवाखाने यांबद्दलचं पैसा खर्च करणारं कोणतंही विधेयक खऱ्या अर्थाने ‘फक्त इंग्लंडचं’ नसतंच.

शिवाय खर्च ‘इंग्लंडचा’ की ‘ब्रिटनचा’ हे ठरवतं कोण? अर्थखातं. लंडन ते बर्मिंगहॅम होणारी एचएस-टू ही अतिवेगवान रेल्वे वेल्समधून एक मीटरही जात नाही, पण ती ‘इंग्लंड आणि वेल्स’चा प्रकल्प म्हणून नोंदली गेली. कारण असं की रेल्वेच्या पायाभूत सोयी वेल्सकडे सोपवलेल्या नाहीत, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडकडे आहेत. परिणामी त्या दोघांना वाटा मिळतो आणि वेल्सला नाही. कार्डिफमध्ये यावरून वर्षानुवर्षं ओरड आहे.

इंग्लंडची संसद उभी राहिली तर हे सूत्र त्याच दिवशी निकालात निघेल. इंग्लंडने स्वतःचे कर वाढवून स्वतःच्या दवाखान्यांवर जास्त खर्च केला तर त्यातला वाटा स्कॉटलंडला का द्यायचा? आणि कर वाढवायचा अधिकार न देता फक्त अनुदान दिलं, तर ते ठरवणार ब्रिटनची संसद, जिथे ८४ टक्के खासदार इंग्लंडचेच. देणारा हात आणि घेणारा हात एकाच माणसाचा. भारतात वित्त आयोग काही निकषांवर राज्यांचे वाटे सुचवतो. ब्रिटनला तसं काही तरी आधी करावं लागेल. म्हणून माझं मत असं की आधी पैशाची व्यवस्था, मग सभागृह. उलटा क्रम धरला तर पहिल्याच अर्थसंकल्पाला भांडण.

प्रत्यक्ष उभारायची तर

समजा पैशाचं जमलं. पुढे काय काय करावं लागेल?

अधिकारांची यादी सगळ्यात सोपी. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे: संरक्षण, परराष्ट्र, चलन, स्थलांतर वगैरे. यादीत नाही ते स्कॉटलंडचं. तीच यादी इंग्लंडला लावता येईल. खात्यांची वाटणीही काही ठिकाणी तयारच आहे: शिक्षण खातं आजही जवळजवळ इंग्लंडपुरतंच काम करतं. गृहखात्याचे मात्र तुकडे करावे लागतील, कारण पोलीस इंग्लंड-वेल्सचे आणि स्थलांतर सगळ्या ब्रिटनचं.

इथेच वेल्स आडवा येतो. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था पहिल्यापासून वेगळी, पण इंग्लंड आणि वेल्सची न्यायालयं, फौजदारी कायदा आणि तुरुंग एकच आहेत. (ज्याला आपण ‘इंग्लंडचा’ क्रिकेट संघ म्हणतो तोही इंग्लंड आणि वेल्स मंडळाचाच.) इंग्लंडच्या संसदेने खुनाच्या शिक्षेचा कायदा बदलला तर तो कार्डिफच्या न्यायालयात लागू होणार का? तसं असेल तर वेल्सचा स्वतःचा ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ सुरू. नसेल तर पाचशे वर्षांची एकत्र न्यायव्यवस्था फोडायची. कोणी फारसं बोलत नाही, पण कायद्याच्या मसुदाकारांचा घाम इथेच निघेल.

सभासद किती? स्कॉटलंडमध्ये सुमारे ५५ लाखांमागे १२९ आहेत. त्याच प्रमाणात इंग्लंडच्या साडेपाच कोटींहून अधिक लोकांसाठी तेराशेच्या वर लागतील, म्हणजे ते होणार नाही. दोन पर्याय मांडले जातात. एक, वेगळी निवडणूक, वेगळे सभासद, वेगळी इमारत. दुसरा, आहेत त्याच ५४३ इंग्लिश खासदारांनी आठवड्यातले काही दिवस इंग्लंडची संसद म्हणून बसायचं. दुसरा स्वस्त आहे, पण तो ग्लॅडस्टनच्या काळातल्या आत-बाहेर युक्तीचाच नवा अवतार. २०१० मध्ये हुजूर पक्षाला इंग्लंडमध्ये स्पष्ट बहुमत होतं आणि ब्रिटनमध्ये नव्हतं. १९६४ आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये लेबरचं नेमकं उलटं. अशा वेळी त्याच खासदारांतून दोन वेगवेगळी सरकारं निघतील.

हाऊस ऑफ लॉर्ड्सचं काय, हाही प्रश्न आहेच. होलीरूडचे कायदे लॉर्ड्सपुढे जात नाहीत. इंग्लंडचेही गेले नाहीत तर त्या सभागृहाचं मोठं काम संपलं, आणि उरलेल्या चार विषयांसाठी कॉमन्समध्ये ६५० जण कशाला, असंही कोणी तरी विचारेल.

आकाराचं दुखणं

१९७३ मध्ये ब्रिटनच्या राज्यघटनेचा विचार करणाऱ्या किलब्रँडन आयोगाने चार घटकांचं संघराज्य नाकारलं ते मुख्यतः या कारणाने: इंग्लंड इतकं मोठं आहे की तोल राहणार नाही. ब्रिटनच्या लोकसंख्येत इंग्लंडचा वाटा सुमारे ८४ टक्के. लोकसभेत सर्वांत जास्त खासदार असलेल्या उत्तर प्रदेशाच्या जागा ८०, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. कॅनडात ऑन्टारिओ ४० टक्क्यांच्या खाली. ८४ टक्क्यांचा एक घटक असलेलं यशस्वी संघराज्य दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही.

मोठ्या घटकांची उदाहरणं आहेत, पण ती दिलासा देणारी नाहीत. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार जर्मनीत प्रशिया या एकाच राज्यात सुमारे साठ टक्के लोक राहत. दोन्ही सरकारं बर्लिनमध्येच. जुलै १९३२ मध्ये जर्मनीचे चान्सलर पापेन यांनी प्रशियाचं सरकार हुकूम काढून बरखास्त केलं. सोव्हिएत संघात निम्मे लोक रशियाचे होते. जून १९९० मध्ये रशियाच्या संसदेने सार्वभौमत्व जाहीर केलं आणि मॉस्कोत रशियाचे येल्त्सिन विरुद्ध संघाचे गोर्बाचेव्ह असा सामना दीड वर्ष चालला. शेवटी संघच राहिला नाही. इंग्लंडचा मुख्यमंत्री आरोग्य, शिक्षण, पोलीस, घरबांधणी सांभाळणार. ब्रिटनच्या पंतप्रधानाकडे सैन्य, परराष्ट्र आणि पेन्शन. जनता कोणाकडे दाद मागेल आणि वजन कोणाचं असेल, हे सांगायला नको.

समर्थकांचं उत्तरही ऐकण्यासारखं आहे. इंग्लंड मोठं आहे हे संसद दिली काय आणि न दिली काय, तसंच राहणार. झाकून ठेवल्याने ते लहान होत नाही. आणि मोठ्या भावाने मोठेपणाची किंमत म्हणून स्वतःचा हक्क सोडावा, हे कुठवर चालणार? १९९८ पासून ‘इंग्लिश संसद मोहीम’ हेच सांगते आहे. लेबरचे फ्रँक फील्ड यांच्यासारखे डावीकडचे लोकही तिच्या बाजूने होते, तेव्हा हे निव्वळ झेंडे फडकवणाऱ्यांचं प्रकरण समजू नये. तरी जनमत चाचण्यांमध्ये ही मागणी करणारे सहसा अल्पमतातच राहिले आहेत.

महापौरांची वाट

सरकारांनी दुसरीच वाट धरली: इंग्लंडचे तुकडे करून अधिकार वाटायचे. ४ नोव्हेंबर २००४ ला ईशान्य इंग्लंडला निवडून आलेली प्रादेशिक सभा हवी का, असं विचारलं. विरोधकांनी फुगवलेला पांढरा हत्ती गावोगाव फिरवला, आणि ७८ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. अधिकार तुटपुंजे आणि पुढाऱ्यांची भरती मात्र मोठी, हे लोकांना नेमकं कळलं होतं. त्यानंतर आले थेट निवडून येणारे महापौर. ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा परिषदा मिळून एक महापौर. अँडी बर्नहॅम २०१७, २०२१ आणि २०२४ मध्ये निवडून आले. खासगी कंपन्यांच्या हातातल्या बसगाड्या त्यांनी टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली आणल्या. जानेवारी २०२५ मध्ये ते काम पूर्ण झालं. आज इंग्लंडमधले निम्म्याहून जास्त लोक अशा कुठल्या ना कुठल्या महापौराच्या हद्दीत राहतात, आणि हा नकाशा पूर्ण करण्यासाठी जुलै २०२५ मध्ये नवं विधेयकही मांडलं गेलं.

ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या माणसाला याचा उपयोग आहे. त्याच्या दृष्टीने इंग्लंडची संसद लंडनमध्येच बसणार असेल तर ती वेस्टमिन्स्टरची आणखी एक खोली. पण महापौर बसचे मार्ग ठरवतो, कायदा करत नाही. डॅलियेल यांचा प्रश्न कायद्यावर मत कोणी द्यायचं याबद्दल होता, त्याला महापौरांनी धक्काही लावलेला नाही. २० जून २०२५ ला मरणासन्न प्रौढांना इच्छामरणासाठी मदत देणारं विधेयक कॉमन्समध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर झालं. ते इंग्लंड आणि वेल्ससाठी होतं. स्कॉटलंडसाठी त्याच विषयावरचं वेगळं विधेयक तेव्हा होलीरूडमध्ये चर्चेत होतं. वेस्टमिन्स्टरमधल्या मतदानात स्कॉटलंडच्या खासदारांनीही भाग घेतला, आणि त्यांना थांबवणारा कुठलाही नियम २०२१ नंतर उरलेला नाही.